मुलाखतीची खुर्ची आणि आपली मुले

वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीचा विषय काढला की आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, 'आता त्याचे काय राहिले? आता नीट आहे. मार्क पडले की प्रवेश, नाही पडले की घरी.' हे म्हणणे निम्मे खरे आहे. २०१३ साली नीट पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि २०१६ पासून ती पुन्हा सुरू झाली ती आजतागायत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था स्वतःच्या पद्धतीने, मुलाखत घेऊन मुले निवडीत. २०२० साली न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या संस्थांनाही नीट बंधनकारक आहे असे सांगितले. महाराष्ट्रातल्या सरकारी वा खाजगी कॉलेजात एम.बी.बी.एस.ला जाणाऱ्या मुलाला आज कोणत्याही समितीपुढे बसावे लागत नाही.

पण म्हणून मुलाखतीची खुर्ची मोडीत निघाली असे समजणे भाबडेपणाचे होईल. पुण्याच्या एएफएमसीला जायचे तर नीटच्या गुणांबरोबर मुलाखतीलाही सामोरे जावे लागते. परदेशात वैद्यक शिकायचे तर अनेक ठिकाणी मुलाखत आहे. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेण्यासाठी परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ती अनेकदा द्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या कंत्राटी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या जागेसाठी 'थेट मुलाखत' असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रवेश मिळाल्यानंतर शरीररचनाशास्त्रापासून शल्यचिकित्सेपर्यंत प्रत्येक विषयात तोंडी परीक्षा आहेच. तेथे टेबलाच्या पलीकडे परीक्षक असतो, अलीकडे आपला मुलगा असतो, आणि मधे त्याचे आडनाव असते. तेव्हा मुलाखत दारातून गेली आणि आत जाऊन बसली, एवढाच काय तो फरक.

मी विज्ञानाचा शिक्षक. गेली काही वर्षे आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी मुलाखतीचा वर्ग घेतो. या वर्गातून जे हाती लागले, आणि मुलाखत या प्रकाराचा इतिहास वाचताना जे दिसले, ते कार्यकर्त्यांपुढे आणि शिक्षकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू.

एक : मुलाखतीचे गुण कोण वाटतो?

लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो. तपासणाऱ्याला मुलाचा चेहरा दिसत नाही, बोली ऐकू येत नाही, पायातली चप्पल दिसत नाही. मुलाखतीत हे सगळे एका नजरेत दिसते. वरच्या थरातल्या माणसाला आपल्यासारखाच बोलणारा, आपल्यासारखाच बसणारा मुलगा 'हुशार' वाटतो. यात त्याचा दुष्टपणाच असतो असे नाही. त्याच्या डोळ्यांना तसे वळण लागलेले असते. पण वळण लागलेल्या डोळ्यांच्या हाती गुण देण्याचा अधिकार आला की ते वळणच गुणवत्ता म्हणून मिरवू लागते.

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयापुढे अनेकदा आला, आणि त्यातले महत्त्वाचे खटले वैद्यकीय प्रवेशाचेच आहेत. म्हैसूर राज्याने इंजिनियरिंग व वैद्यकीय प्रवेशासाठी मुलाखतीला भरघोस गुण ठेवले. सामान्यज्ञान, कल, व्यक्तिमत्त्व, खेळ, वक्तृत्व, नाटक असे त्याचे निकष. १९६४ साली चित्रलेखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ही पद्धत उचलून धरली. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. आता या निकषांकडे जरा आपल्या बाजूने पाहा. ज्या मुलाने सुट्टीत बापाबरोबर ऊस तोडला त्याने नाटकात काम कधी करायचे? ज्या मुलीने शाळा सुटल्यावर तीन घरची भांडी घासली तिने वक्तृत्वाचा पेला कुठून आणायचा? श्रमाला गुण नव्हते, करमणुकीला होते.

पुढे १९७० साली तामिळनाडूतल्या वैद्यकीय प्रवेशाचा पेरियाकरुप्पन खटला आला. तेथे मुलाखतीला ७५ गुण होते आणि ते कोणकोणत्या शीर्षकांखाली द्यायचे हेही ठरवून दिलेले होते. निवड समितीने शीर्षकवार गुण न देता एकगठ्ठा आकडा टाकला. न्यायमूर्ती हेगडे यांच्या निकालपत्राने ही रीत बेकायदेशीर ठरवली. त्याच निकालात मागासवर्गीयांच्या राखीव जागा मात्र कायम राहिल्या, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकगठ्ठा गुण म्हणजे काय? 'हा मुलगा मला बरा वाटला' या वाक्याचे आकड्यात केलेले भाषांतर. शीर्षके पाडली की निदान कशाला किती दिले हे सांगावे लागते.

१९८० सालचा अजय हासिया खटला श्रीनगरच्या इंजिनियरिंग कॉलेजचा. लेखीला १०० गुण आणि तोंडीला ५०, म्हणजे एकूण गुणांचा एक तृतीयांश हिस्सा मुलाखतीच्या ताब्यात. तक्रार अशी होती की मुलाखत सरासरी दोन-तीन मिनिटे चाले, आणि पुष्कळ मुलांना विचारले जाई ते वडील कोण आणि राहता कुठे. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की प्रवेशासाठी मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणे मनमानीचे ठरेल, आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करणे इष्ट होईल. दोन मिनिटांत माणसाचे व्यक्तिमत्त्व कळत नाही. बाप आणि पत्ता विचारला की दोन मिनिटांत जात मात्र कळते. या देशात 'राहता कुठे' हा भूगोलाचा प्रश्न कधीच नव्हता.

कॉलेजात गेल्यावरही हे संपत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या तिच्या अहवालात अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांबद्दल जे सांगितले ते आपल्या प्रत्येक शिक्षकाने वाचले पाहिजे.

दोन : समुद्रापलीकडचे टेबल

हे फक्त आपल्याच देशात घडते असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० जागा होत्या आणि त्यातल्या १६ जागा विशेष योजनेखाली वंचित अल्पसंख्याकांसाठी ठेवलेल्या होत्या. ॲलन बक्की या गोऱ्या उमेदवाराला १९७३ आणि १९७४ अशी दोन वर्षे प्रवेश मिळाला नाही. तेथे मुलाखत घेणारा आणि समितीचे इतर सभासद प्रत्येकी १०० पैकी गुण देत. पहिल्या वर्षी पाच सभासद होते आणि बक्कीला ५०० पैकी ४६८ पडले. दुसऱ्या वर्षी सहा होते आणि त्याला ६०० पैकी ५४९ पडले. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जागांची ती योजना मोडली, परंतु प्रवेश देताना वंशाचा विचार अनेक बाबींपैकी एक म्हणून करता येईल असे म्हटले. ती खिडकीही २०२३ साली त्याच न्यायालयाने हार्वर्ड खटल्यात बहुतांशी बंद केली.

आपल्याकडे बक्कीचे नाव आरक्षणविरोधी मंडळी मोठ्या आवडीने घेतात. पण त्या खटल्यातून आपण एक वेगळा प्रश्न काढला पाहिजे. ४६८ आणि ४७० यांत फरक तो कोणता? मुलाखत घेणाऱ्याने ८६ ऐवजी ८८ दिले तर मुलगा जास्त चांगला डॉक्टर होतो काय? आकडा आला की माणसाला विज्ञानाचा भास होतो. पण अंदाजाला आकड्याची टोपी घातली म्हणून तो मोजमाप होत नाही.

याचा एक सुंदर पुरावा टेक्सासात आपोआप तयार झाला. १९७९ साली तेथील विधिमंडळाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थिसंख्या १५० वरून २०० करायला सांगितले. तोवर निवड होऊन गेली होती. सुमारे ८०० जणांच्या मुलाखती घेऊन क्रम लावलेला होता, आणि वरचे उमेदवार इतर कॉलेजांत निघून गेले होते. म्हणून ५० जादा विद्यार्थी घ्यायचे तर यादीच्या तळाशी जाणे भाग पडले. ज्यांना मुलाखतीनंतर नाकारले होते तेच आत आले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन्ही गटांची तुलना केली आहे. कॉलेजातली वर्षे आणि त्यानंतरचे पहिले प्रशिक्षणाचे वर्ष, कशातही लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. डोक्यावरचे आणि तळाचे सारखेच डॉक्टर झाले.

लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलची कथा तर याहून बोलकी आहे. तेथे वर्षाला सुमारे अडीच हजार अर्ज येत. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्याचे काम कमी व्हावे म्हणून तिथल्याच एका डॉक्टरने संगणकाचा कार्यक्रम लिहिला. १९८२ पासून पहिली चाळणी पूर्णपणे तोच करू लागला. पूर्वीच्या निवड समितीने जसे निर्णय घेतले असते तसेच संगणकाने घ्यावेत अशी त्याची रचना होती, आणि तो शिष्य गुरूशी फार प्रामाणिक निघाला. नाव युरोपीय नसेल तर तो गुण कापी, बाई असेल तरी कापी. वांशिक समानता आयोगाने चौकशी करून १९८८ साली अहवाल दिला. वर्षाला सुमारे ६० जणांना केवळ नावामुळे किंवा स्त्री असल्यामुळे मुलाखतीचे बोलावणे नाकारले गेले असावे असा अंदाज निघाला. गंमत अशी की लंडनच्या इतर वैद्यकीय कॉलेजांच्या मानाने याच कॉलेजात गोरे नसलेले विद्यार्थी अधिक होते. म्हणजे इतर ठिकाणी माणसे तोंडी काय करीत होती याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता. येथे यंत्राने ठेवला म्हणून चोरी सापडली.

तीन : मग मुलाखत नकोच काय?

येथवर वाचून कोणी म्हणेल की मुलाखत ही चीजच गाडून टाका. हे इतके सोपे नाही. केवळ लेखी गुणांची व्यवस्थाही आपल्या बाजूची आहे असे नाही. तामिळनाडूतल्या अनिता या दलित मजुराच्या मुलीने बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळवले. नीटमध्ये ती मागे पडली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २०१७ च्या सप्टेंबरात तिने जीव दिला. लेखी परीक्षेला चेहरा दिसत नाही हे खरे, पण लातूर-कोट्याच्या क्लासची फी तिला बरोबर दिसते. तामिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा ठेवल्या, त्या याच अनुभवातून.

डॉक्टरला माणसाशी बोलता आले पाहिजे, ऐकता आले पाहिजे, हे आपण नाकारीत नाही. उलट सरकारी दवाखान्याच्या रांगेत आपल्या आयाबहिणींना जे ऐकावे लागते ते पाहता ही मागणी सर्वांत आधी आपलीच असायला हवी. प्रश्न आहे तो मोजण्याच्या रीतीचा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी एक वेगळी रीत काढली. २००४ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढे ती अनेक देशांत पसरली. एका समितीपुढे अर्धा तास बसवण्याऐवजी दहा-एक छोट्या खोल्या. प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला. दोन मिनिटे वाचायचे, आठ मिनिटे आत बोलायचे, घंटा झाली की पुढची खोली. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, आणि त्याला इतरांनी किती गुण दिले ते ठाऊक नाही.

यातले तत्त्व साधे आहे. एकाच समितीपुढे पहिल्या मिनिटाला मत वाईट झाले की पुढची एकोणतीस मिनिटे ते मतच गुण देते. दहा स्वतंत्र माणसांनी दहा वेगळ्या कामांवर गुण दिले तर एकाच्या पूर्वग्रहाचे वजन दहावा हिस्सा होते. पूर्वग्रह जात नाही, पातळ होतो. दहाही परीक्षक एकाच थरातले असतील तर तोही होत नाही. म्हणून खोल्या वाढवून भागत नाही, खोल्यांत बसणारी माणसेही वेगवेगळ्या थरांतली हवीत.

चार : तयारी कशी करावी?

व्यवस्था बदलण्याचा लढा चालू राहील. पण पुढच्या महिन्यात ज्या मुलीला मुलाखत आहे तिला तुमचा लढा संपेपर्यंत थांबता येत नाही. तिची तयारी आजच करून घेतली पाहिजे. ही तयारी म्हणजे पांढरपेशांची नक्कल नव्हे हे मी वर्गात पहिल्या दिवशी सांगतो. नक्कल करणारा मुलगा निम्मी शक्ती अस्सल दिसण्यात घालवतो आणि उरलेल्या निम्म्यात उत्तर देतो.

पहिला प्रश्न ठरलेला : डॉक्टर का व्हायचे? बहुतेक मुले म्हणतात, 'गरिबांची सेवा करायची आहे.' हे वाक्य समितीने शंभरदा ऐकलेले असते, आणि ते आपल्या तोंडी विचित्रही आहे. आपण स्वतः गरीब असताना गरिबांची सेवा करू म्हणतो, जणू ते कोणी दुसरेच आहेत. मी मुलांना सांगतो, जे पाहिले ते सांगा. आजीला घाटीत नेले तेव्हा केसपेपर काढण्यापासून औषध मिळेपर्यंत किती खिडक्या फिरलात? कोणत्या खिडकीवर अडलात? त्या दिवशी एखादा डॉक्टर चांगला वागला असेल तर त्याने नेमके काय केले? अनुभव तपशिलात सांगितला की त्याला कोणी खोटे म्हणू शकत नाही.

आपली वस्ती हेच आपले पाठ्यपुस्तक आहे, ही गोष्ट मी सतत ठसवतो. विदर्भातल्या मुलाने सिकलसेल समजून घेतलाच पाहिजे, कारण तो आदिवासींत आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जन्मजात बदल असतो. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. म्हणून त्या असह्य वेदना. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन. केंद्र सरकारने २०२३ साली याच्या निर्मूलनाची मोहीम जाहीर केली आणि २०४७ ची मुदत ठेवली. आता पुढचा प्रश्न मुलाने स्वतःला विचारायचा : लग्नाआधी रक्त तपासा असे सांगितले की वाहक मुलीचे लग्न मोडते, मग ही माहिती गुप्त कशी ठेवायची? एका आजारातून जीवशास्त्र, आकडे, समाज आणि नीती असे चारही विषय निघाले.

बीडच्या मुलीने ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बोलावे. त्यावर राज्य सरकारने २०१९ साली चौकशी समिती नेमली होती. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, ही अर्थव्यवस्था समजल्याशिवाय त्या शस्त्रक्रिया समजत नाहीत. मुंबईच्या मुलाने गटारात उतरणारा माणूस कसा मरतो हे शास्त्राने सांगावे : हायड्रोजन सल्फाइड वायू प्रमाणाबाहेर असला की नाकाला वास येणेच बंद होते, त्यामुळे धोका कळत नाही, आणि काही श्वासांत शुद्ध हरपते. वाचवायला उतरणारा दुसराही त्यानेच मरतो. मग १९९३ चा आणि २०१३ चा असे दोन कायदे असूनही माणूस उतरवला का जातो, हेही सांगावे. ज्या मुलाने हे एकदा नीट मांडले त्याच्या इंग्रजीतल्या व्याकरणाकडे समिती जरा कमी पाहते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा भाग नीतीच्या प्रश्नांचा. वैद्यकीय नीतीत सामान्यतः चार तत्त्वे सांगतात : रुग्णाचा स्वतःबद्दलचा निर्णयाचा हक्क, त्याचे हित, त्याला अपाय न करणे, आणि न्याय. ही पाठ करून उपयोग नाही, कारण प्रश्न नेहमी दोन तत्त्वांच्या भांडणाचा असतो. आमच्या वर्गातले एक उदाहरण : चाळीतल्या तरुणाला क्षयरोग निघाला. तो म्हणतो, घरी सांगू नका, बायको माहेरी निघून जाईल. घरात दोन लहान मुले आहेत. तुम्ही काय कराल? येथे मुले दोन टोकांना पळतात. कोणी म्हणतो सांगणार, कोणी म्हणतो नाही सांगणार. मी म्हणतो, आधी विचारा : उपचार सुरू झाले का? मुले किती वर्षांची? त्याला भीती नेमकी कशाची आहे? मग दोन्ही बाजू मांडा. मग त्याच्याच तोंडून घरी सांगवून घेण्याचा मार्ग शोधा, मुलांच्या तपासणीचा आग्रह धरा, आणि शेवटी निर्णय व त्याचे कारण सांगा. माहिती, दोन्ही बाजू, निर्णय, कारण, या क्रमाने बोलणाऱ्या मुलाचे उत्तर वेगळे असले तरी ते विचार करणाऱ्याचे असते.

तिसरा भाग भाषेचा. इंग्रजी मुलाखतीसाठी लहान वाक्ये करा. एका वाक्यात एक गोष्ट. शब्द अडला तर मराठी शब्द सांगून त्याचा अर्थ इंग्रजीत फोडा. त्यात कमीपणा नाही. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, पण मी असा विचार करीन' असे सांगा. थाप मारून बाहेर पडलेला मुलगा पुढच्या प्रश्नाला धरला जातो. कपडे स्वच्छ आणि स्वतःचे असावेत. उसन्या कोटात अवघडून बसलेला मुलगा प्रश्नांपेक्षा बाह्यांकडेच जास्त पाहतो.

पाच : आडनावाचा प्रश्न आणि आरक्षणाचा प्रश्न

'आडनाव वेगळे वाटते, गाव कोणते?' 'वडील काय करतात?' हे प्रश्न येणार हे धरूनच चालावे. आपली मुले येथे दोनपैकी एक करतात. मान खाली घालून पुटपुटतात, किंवा दुःखाची कहाणी लावतात. दोन्ही नको. 'वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत' हे वाक्य 'वडील बँकेत अधिकारी आहेत' या वाक्याच्याच आवाजात म्हणता आले पाहिजे. आम्ही वर्गात याचा सराव करतो. वाक्य पाच शब्दांचे, पण ते सरळ मानेने म्हणायला काही मुलांना चार रविवार लागतात. सर्वांत मोठी तयारी हीच आहे, असे माझे मत झाले आहे. दया मागून मिळालेला प्रवेश पुढची साडेपाच वर्षे माणसाला वाकवून ठेवतो.

आणि मग तो प्रश्न : 'आरक्षणामुळे डॉक्टरांचा दर्जा घसरत नाही का?' येथे संतापायचे नाही, कारण संताप हेच उत्तर म्हणून नोंदले जाते. वस्तुस्थिती सांगायची. आत येण्याची रेषा वेगळी असली तरी बाहेर पडण्याची रेषा एकच आहे. एम.बी.बी.एस. उत्तीर्ण होण्याचे गुण सर्वांना सारखेच. खाजगी कॉलेजात अनिवासी भारतीयांचा कोटा आहे, लाखांच्या फीवर जागा आहेत. तेथे खाली आलेल्या गुणांबद्दल दर्जाची काळजी फारशी ऐकू येत नाही. २०२३ साली पदव्युत्तर प्रवेशाच्या जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा सरकारने सर्व प्रवर्गांसाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली. तेव्हा दर्जा कोणी घसरवला? आणि ह्यूस्टनच्या त्या ५० विद्यार्थ्यांचे उदाहरण येथेच उपयोगी पडते. तळाशी ठेवलेले बरोबरीचे निघाले. एवढे शांतपणे सांगून पुढे म्हणायचे, 'ज्या गावाला कधी डॉक्टर मिळाला नाही त्या गावाचा डॉक्टर होणे हाही दर्जाचाच भाग आहे.' आणि थांबायचे. जास्त बोलायचे नाही.

सहा : कार्यकर्त्यांची कामे

मुलाखतीची तयारी हे एकट्या मुलाचे काम नाही. वरच्या घरात ती जेवणाच्या टेबलावर होते. काका डॉक्टर, मावशी प्राध्यापक, आणि बोलता बोलता मुलगा तयार होतो. आपल्याकडे ते टेबल समाजाने मांडले पाहिजे. त्याला खर्च जवळजवळ नाही. तीन खुर्च्या, एक टेबल, एक घड्याळ. समितीत ओळखीचा माणूस बसवू नये, कारण ओळखीच्यासमोर भीती येत नाही आणि भीती गेल्याशिवाय सराव होत नाही. आम्ही एक वकील, एक निवृत्त परिचारिका आणि एक आशाताई बसवतो. आशाताईंचे प्रश्न सर्वांत अवघड असतात, कारण त्यांना उत्तरे ठाऊक असतात. मुलींना आधी बसवावे, नाहीतर वेळ नेहमी त्यांच्या वाट्याला आल्यावरच संपतो. मोबाइलवर चित्रण करून त्याच दिवशी मुलाला दाखवावे, आणि पाहताना इतरांनी हसू नये असा कडक नियम असावा.

मुलाखत देऊन आलेल्या प्रत्येक मुलाने त्याच रात्री सर्व प्रश्न वहीत लिहून काढावेत. कोणी विचारले, किती मिनिटे चालले, वैयक्तिक काय विचारले, सगळे. ही वही अभ्यासिकेत राहावी. पुढच्या मुलाला ती मार्गदर्शक होते, आणि अन्याय झाला तर तीच पुरावा होते. अजय हासिया खटल्यात मिनिटे मोजणारे होते म्हणून न्यायालयाला काही बोलता आले. सरकारी संस्थेने मुलाखत घेतली असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली स्वतःचे गुण मागावेत, शीर्षकवार मागावेत. आणि जेथे मुलाखत आहे तेथे आपल्या संघटनांनी चार मागण्या सातत्याने लावून धराव्यात : मुलाखतीचे वजन कमीत कमी, सर्वांना समान ठरावीक प्रश्न, ध्वनिमुद्रण, आणि समितीत अनुसूचित जाती-जमातींचे व स्त्रियांचे प्रतिनिधित्व.

शिक्षकांना एवढेच सांगणे की हा वर्ग बारावीनंतर सुरू करू नका, आठवीपासून करा. रोज एका मुलाला वर्गापुढे तीन मिनिटे बोलू द्या, आणि मागच्या बाकावरच्याला आधी उठवा. आपल्या मुलांना बोलता येत नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना बोलता येते. पिढ्यान्पिढ्या त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आता विचारणारे टेबल समोर आले आहे, तर त्यापुढे बसून पूर्ण वाक्यात उत्तर देणारी पिढी तयार करणे, आणि एक दिवस त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरही तिला बसवणे, ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतील.